बसचा हक्क पहिला

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर ‘शिवाई’ धावली, ती एसटीची विजेवर चालणारी पहिली गाडी. मधल्या ७४ वर्षांत महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतली माणसे शिकायला, दवाखान्यात, बाजाराला, लग्नाकार्याला गेली ती बहुतेक एसटीनेच. विजेच्या वाहनांना सरकारने द्यायच्या मदतीबद्दल बोलायला मला आज बोलावले आहे. बोलण्याची सुरुवात मी मोटारीपासून न करता बसपासून करतो आहे, ते मुद्दाम.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. सरकारने ही मदत करावी आणि हात आखडता न घेता करावी, या मताचा मी आहे. पण सरकारी तिजोरीवर पहिला हक्क बसच्या प्रवाशाचा आहे. त्यानंतर ज्याचे पोट वाहनावर चालते त्याचा. स्वतःच्या मोटारीतून एकट्याने जाणाऱ्याचा नंबर सर्वांत शेवटी. गेल्या दहा वर्षांत आपल्याकडे हा क्रम कधी पाळला गेला, कधी उलटा झाला.

विजेच्या वाहनांना अनुदान देणारी केंद्र सरकारची ‘फेम’ योजना १ एप्रिल २०१५ ला सुरू झाली. पहिला टप्पा लहान होता. एप्रिल २०१९ पासूनचा दुसरा टप्पा मात्र ₹१०,००० कोटींचा होता आणि त्यात ७,०९० बस, ५ लाख तीनचाकी, ५५ हजार मोटारी आणि १० लाख दुचाकी असे उद्दिष्ट ठरले. मदत मोजायची ती बॅटरीच्या क्षमतेवर. इतर वाहनांना दर किलोवॉट-तासाला ₹१०,००० आणि बसला ₹२०,०००. मोटारींचे अनुदान फक्त भाड्याने किंवा सार्वजनिक वाहतुकीसाठी चालणाऱ्या गाड्यांना होते, घरच्या मोटारीला नव्हते. ज्यांनी हा आराखडा केला त्यांना क्रम नीट समजला होता, असे मी म्हणेन.

पुढे धरसोड झाली. जून २०२१ मध्ये दुचाकीचे अनुदान किलोवॉट-तासाला ₹१५,००० केले आणि त्याची मर्यादा गाडीच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत नेली. दोन वर्षांनी, १ जून २०२३ ला, ते पुन्हा ₹१०,००० वर आणले आणि मर्यादा एकदम १५ टक्के. ज्यांना घ्यायच्या होत्या त्यांनी मे महिन्यातच स्कूटर उचलल्या आणि जूनची विक्री मेच्या निम्म्याखाली गेली. मधल्या काळात काही उत्पादकांनी चार्जरचे पैसे गाडीच्या किमतीतून वेगळे काढले, म्हणजे गाडी अनुदानाच्या किंमतमर्यादेत बसली. सरकारने विचारणा केल्यावर ते पैसे ग्राहकांना परत करावे लागले. सुटे भाग देशातच बनवण्याची अट काहींनी पाळली नाही म्हणून दिलेले अनुदानही परत मागावे लागले. अनुदान द्यायचेच असेल तर ते किती वर्षे आणि दरवर्षी किती कमी होत जाणार, हे पहिल्या दिवशी छापून सांगावे. मग कारखानदारही त्या हिशेबाने चालतो आणि गिऱ्हाईकही. एका रात्रीत दर बदलले की सर्वांत जास्त मार बसतो तो छोट्या विक्रेत्याला आणि कर्ज काढून गाडी घेणाऱ्याला.

१ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राची ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजना आली, ₹१०,९०० कोटींची. तिच्यात बससाठी ₹४,३९१ कोटी आणि १४,०२८ बसचे उद्दिष्ट आहे. चार्जिंगसाठी ₹२,००० कोटी, मालट्रक आणि रुग्णवाहिकांसाठी ५००-५०० कोटी. मोटारीला थेट अनुदान नाही. बस मिळायच्या नऊ महानगरांत मुंबई आणि पुणे आहेत. कागदावर हा क्रम मला मान्य आहे.

पण अनुदानाचा आकडा दिसतो, माफ केलेला कर दिसत नाही. त्याचा हिशेब मांडू. विजेच्या वाहनावर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे, मग गाडी दहा लाखांची असो वा एक कोटीची. महाराष्ट्रात नवीन मोटारीच्या नोंदणीवर मोटार वाहन कर लागतो. वीस लाखांवरच्या पेट्रोल मोटारीला तो १३ टक्के आहे आणि विजेच्या मोटारीला माफ आहे. म्हणजे पन्नास लाखांची विजेची मोटार घेणाऱ्याला राज्याने साडेसहा लाख रुपये सोडले. अशा तीन मोटारी म्हणजे साडेएकोणीस लाख. आता याच राज्याचे २०२१ चे धोरण पाहा. त्यात एका इलेक्ट्रिक बसला जास्तीत जास्त ₹२० लाख आणि एका दुचाकीला जास्तीत जास्त ₹१०,००० धरले होते. तीन श्रीमंत घरांच्या पोर्चमध्ये जे गेले, जवळपास तेवढ्यात दिवसभर शेकडो माणसे वाहणाऱ्या एका बसचे पूर्ण अनुदान निघते.

मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या मोटारींना ६ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव होता. त्याच महिन्यात तो मागे घेतला गेला. यातून उत्पन्न फार येणार नाही आणि लोकांना चुकीचा संदेश जाईल, असे सांगितले गेले. मला हा निर्णय पटला नाही. तीस लाखांची गाडी घेणारा ६ टक्क्यांसाठी डिझेलकडे वळत नाही, कारण तिथे त्याला त्याहून जास्तच कर भरायचा आहे. उत्पन्न थोडे असेल, पण ते एसटीच्या आगारांतल्या चार्जिंगसाठी राखून ठेवले असते तर त्याला अर्थ आला असता.

आपल्याकडे नॉर्वेचे नाव नेहमी घेतले जाते. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८९ टक्के विजेच्या होत्या. पण तिथल्या सवलती १९९० पासून चालू आहेत आणि त्यांच्या जोडीला पेट्रोल मोटारीवर जबर कर आहे, हे सांगायचे राहून जाते. शिवाय २०२३ मध्ये त्यांनी मूल्यवर्धित कराची माफी पाच लाख क्रोनरपर्यंतच ठेवली. त्यावरच्या रकमेला पूर्ण कर लावला. तेलाच्या पैशाने गडगंज असलेल्या देशाने महागड्या मोटारीपुढे रेघ ओढली. आपण ती ओढायला कचरतो.

बसच्या बाबतीत आदर्श शोधायचा तर तो चीनमधल्या शेन्झेन शहराचा. २०१७ संपता संपता त्या शहराने आपल्या सोळा हजारांवर बस विजेवर आणल्या. तिथे केंद्र आणि शहर या दोन्ही सरकारांनी बसच्या किमतीचा मोठा वाटा उचलला होता. गाड्यांबरोबर आगारे, वीजवाहिन्या आणि चार्जरही उभे केले.

आपल्याकडे बस कशी येते, ते थोडे सविस्तर सांगायला हवे. विजेवरची बारा मीटर लांबीची बस सव्वा ते दीड कोटीच्या घरात जाते. डिझेलची बस तिच्या निम्म्याहून कमी पैशात मिळते. नंतर चालवायला मात्र विजेची स्वस्त. म्हणजे पैसा लागतो तो आधीच, एकरकमी, आणि आपल्या परिवहन संस्थांकडे नेमका तोच नसतो. म्हणून गाडी विकत न घेता भाड्याने घेण्याचा करार होतो. गाडी ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, देखभाल त्याची. वाहक आणि तिकिटाचे पैसे संस्थेचे. दहा-बारा वर्षांचा करार आणि किलोमीटरमागे ठरलेला दर. मुंबईच्या बेस्टच्या, पुण्याच्या पीएमपीच्या आणि एसटीच्या विजेच्या गाड्या बहुतेक अशाच चालतात. २०२२ मध्ये केंद्राच्या पुढाकाराने पाच शहरांच्या ५,४५० बसची एकत्र निविदा निघाली, तेव्हा बारा मीटरच्या बसला विजेच्या खर्चासह किलोमीटरमागे ₹४३.४९ असा दर आला. डिझेल बसच्या खर्चापेक्षा तो कमी होता. अनेक शहरांनी मिळून खरेदी केली की सरकारच्या शब्दाला बाजारात वजन येते, हे त्या निविदेने दाखवले.

मग घोडे अडले कुठे? एसटीने ५,१५० विजेच्या गाड्या भाड्याने घेण्याचा करार केला. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे गाड्या आल्या नाहीत आणि मे २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी तो करार रद्द करण्याचे निर्देश दिले. दोष कोणाचा, ते संबंधितांनी ठरवावे. माझे लक्ष त्याच्या मुळाकडे जाते. ठेकेदाराला बँक कर्ज देते ती संस्थेच्या भाड्यावर विसंबून, आणि आपल्या परिवहन संस्था वेळेवर पैसे देतील यावर बँकेचा विश्वास नाही. तो का नाही? मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना त्याआधीपासून प्रवास मोफत आहे. या दोन्ही सवलती मला मनापासून आवडतात. बाई बाहेर पडू लागली, म्हातारे माणूस लेकीकडे जाऊ लागले. पण सवलतीचे पैसे सरकारने एसटीला द्यायचे असतात आणि ते मागे-पुढे होतात. मग पगार लांबतो, डिझेलची उधारी वाढते. ज्या संस्थेला स्वतःचे येणे वेळेवर मिळत नाही, तिने ठेकेदाराचे देणे वेळेवर द्यावे अशी अपेक्षा कशी करणार?

म्हणून माझ्या लेखी गेल्या काही वर्षांतली सर्वांत मोलाची योजना सर्वांत कमी गाजलेली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ई-बससाठी देयक सुरक्षा योजना मंजूर केली, ₹३,४३५ कोटींची. परिवहन संस्थेने ठेकेदाराचे पैसे थकवले तर ते या निधीतून दिले जातील आणि नंतर राज्याकडून थेट वसूल होतील. त्यासाठी राज्याने रिझर्व्ह बँकेला आधीच अधिकार लिहून द्यायचा. अशा रीतीने ३८ हजारांवर बस रस्त्यावर याव्यात असा अंदाज आहे. ना फीत कापायची, ना नारळ फोडायचा. पण यामुळे बँकेची धास्ती जाते, व्याज उतरते आणि किलोमीटरचा दर खाली येतो. अनुदानाचा एक रुपया एकदाच खर्च होतो, हमीचा रुपया बहुधा खर्चच होत नाही.

बसइतकेच आगारही महत्त्वाचे आहे. तालुक्याच्या आगारात दहा-वीस गाड्या रात्री एकदम चार्ज करायच्या तर उच्चदाबाची वाहिनी, रोहित्र, पक्की जागा, पावसात पाणी न तुंबणारा फरश्यांचा तळ, एवढे सगळे लागते. गाड्या आल्या आणि जोडणी आली नाही असे होऊ द्यायचे नसेल तर महावितरणचे काम निविदेच्या आधी सुरू व्हायला हवे. पुण्यात २०१९ पासून भेकराईनगर आणि निगडीच्या आगारांतून विजेच्या गाड्या चालतात. ज्या तालुक्यांत आता या गाड्या जायच्या आहेत तिथल्या आगार व्यवस्थापकांना महिनाभर तिथे नेऊन ठेवले तरी पुष्कळ शिकता येईल.

आता एका दुःखद गोष्टीबद्दल बोलतो, कारण ती टाळली तर मी माझ्या विषयाशी प्रामाणिक राहणार नाही. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री मुंबईत कुर्ला पश्चिमेला बेस्टच्या मार्गावरची भाडेतत्त्वावरची विजेची बस गर्दीत घुसली. सातहून अधिक जीव गेले, कितीतरी जण जायबंदी झाले. गुन्हा कोणाचा, ते न्यायालय ठरवेल. पण त्या घटनेने चालकाच्या प्रशिक्षणाचा प्रश्न उघड्यावर आणला. विजेच्या गाडीला क्लच नाही, गिअर नाहीत. पाय टेकवताच पूर्ण जोर मिळतो. डिझेलची गाडी आवाजाने आणि थरथरीने चालकाला वेगाचा अंदाज देते, ही देत नाही. वीस वर्षे डिझेल हाकलेल्या हुशार चालकाच्या हातापायांनासुद्धा हे नव्याने शिकावे लागते. त्यासाठी तास मोजून शिकवणी हवी, परीक्षा हवी आणि ती पास होईपर्यंत प्रवासी बसू नयेत. ठेकेदाराकडचा चालक कमी पगारावर येतो, लवकर नोकरी सोडतो आणि त्याच्या जागी दुसरा नवखा बसतो. किलोमीटरच्या दरात दोन रुपये वाचवले आणि ते चालकाच्या पगारातून वाचवले, तर ती बचत माझ्या मते कोणत्याही सरकारने स्वीकारू नये. चालकाचे किमान वेतन आणि प्रशिक्षणाचे तास ही करारातली अट असावी आणि तिचा खर्च सरकारी मदतीत धरावा. कुर्ल्यात गेलेल्या माणसांचे आपण एवढे तरी देणे लागतो.

प्रवाशाच्या खिशाचे काय? मुंबईत मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले, वातानुकूलितचे सहावरून बारा. संस्थेचा तोटा खरा आहे, ते मला माहीत आहे. पण विजेमुळे खर्च उतरतो असे आपण सांगत असताना धारावीतून कामावर जाणाऱ्या बाईचे तिकीट दुप्पट झाले. तिच्या दृष्टीने या सगळ्या बदलाला अर्थ काय राहिला?

आता थोडा चंद्रपूरचा विचार करू. विजेच्या गाडीला धुराडे नाही, म्हणून ती पूर्ण स्वच्छ, असे जाहिराती सांगतात. आपल्या राज्यातली बरीच वीज कोळशाची आहे. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. आजच्या घडीला आपल्या जाळ्यातल्या एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एक लिटर पेट्रोल जाळले की २.३ किलो. स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर धावली तर किलोमीटरला ५० ग्रॅम, विजेची स्कूटर साधारण २५ ग्रॅम. चांगला फायदा आहे. विजेची मोटार किलोमीटरला शंभर ग्रॅमच्या आसपास, पेट्रोलची दीडशे. विजेची बस किलोमीटरला सव्वा युनिटच्या आसपास घेते, म्हणजे साडेआठशे ग्रॅमच्या पुढेमागे. साधी बिगरवातानुकूलित डिझेल बस याहून थोडा कमीच कार्बन सोडते, हे मला लपवायचे नाही.

पण त्या बसमध्ये चाळीस माणसे आहेत. माणशी एकवीस-बावीस ग्रॅम पडले. विजेच्या मोटारीत एकटा बसलेला माणूस याच्या जवळजवळ पाचपट कार्बन सोडतो, आणि रस्त्यावरची जागा किती अडवतो ते वेगळेच. शिवाय शहरातल्या थांब्यावर उभ्या असलेल्या पोराच्या छातीत जाणारा डिझेलचा धूर आजच थांबतो. कार्बनचा फायदा वीज जसजशी स्वच्छ होईल तसतसा वाढेल. म्हणूनच बसच्या आगारांना सौरऊर्जेची वीज करारानेच मिळावी आणि ती दिवसा चार्जिंगला वापरता येईल असे वेळापत्रक बसवावे. मुंबईची हवा सुधारण्यासाठी चंद्रपूरच्या लोकांनी राख खात राहावी, असा व्यवहार आपल्याला शोभणारा नाही.

शेवटचा मुद्दा वाहनावर पोट असणाऱ्यांचा, आणि त्यासाठी माथेरानला जाऊ. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. ती असायला हवी, तो डोंगर नाजूक आहे, २००३ पासून तो संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर आहे. पण त्या बंदीचा भार माणसांनी अंगावर उचलला. दस्तुरी नाक्यापासून गावापर्यंत लाल मातीच्या चढावर माणूस माणसाला हातरिक्षात बसवून ओढत आला. परवाना असलेल्या अशा ९४ हातरिक्षा. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने तिथे ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला, की हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, ई-रिक्षा सरकारने घ्याव्यात, ओढणाऱ्यांना त्या भाड्याने द्याव्यात, आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही.

त्या निकालात १९८० च्या एका निकालाचा आधार आहे. पंजाबात सायकलरिक्षाचा परवाना फक्त स्वतः मालक असलेल्या चालकाला मिळेल असा कायदा झाला होता. हेतू चांगला, पण चालकाकडे रिक्षा घ्यायला पैसाच नव्हता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी नुसता कायदा वैध ठरवून सोडून दिले नाही. बँकेच्या कर्जातून चालक मालक कसा होईल, याची तजवीज त्यांनी निकालातच लावून दिली. सरकारी मदत कशी असावी याचा इतका चांगला धडा मला दुसरीकडे मिळालेला नाही. बंदी घालणाऱ्याने पुढची वाटही बांधून द्यायची.

महाराष्ट्राच्या पिंक ई-रिक्षा योजनेत याच दिशेचे एक पाऊल आहे. रिक्षाच्या किमतीत २० टक्के सरकारचे, १० टक्के बाईचे आणि ७० टक्के बँकेचे. योजना चांगली आहे. पण हप्ता संपायच्या सुमारास बॅटरी दमते आणि रिक्षाच्या किमतीतला मोठा हिस्सा बॅटरीचाच असतो. त्या वेळी तिला सावकाराकडे जावे लागू नये. बॅटरीबदलासाठी कमी व्याजाचे दुसरे कर्ज, आठ वर्षांची हमी आणि जुन्या बॅटरीची ठरलेली किंमत, या तीन गोष्टी आजच योजनेत लिहून ठेवता येतील. आणि माथेरानचा हिशेब तर अगदी छोटा आहे. एक ई-रिक्षा चार लाखांची धरली तर ९४ रिक्षांचे पावणेचार कोटी होतात. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेले इलेक्ट्रिक वाहन धोरण १,९९३ कोटींचे आहे. त्या धोरणातून पहिला धनादेश या चौऱ्याण्णव जणांच्या रिक्षांसाठी निघावा, बॅटरीच्या हमीसह, आणि आधी भाड्याने दिल्या तरी पाच वर्षांत त्या रिक्षा त्यांच्या नावावर व्हाव्यात, अशी माझी शासनाला जाहीर विनंती आहे.